एकमेकांवर चढलेले वेळेचे इंटरव्हल मर्ज करण्याची पक्की रीत

मशीन चालू असल्याचे लॉग, मीटिंगच्या वेळा, सर्व्हर बंद असल्याच्या नोंदी, टाइमशीट: हा सगळा डेटा जोड्यांनी येतो. एक आरंभ, एक अंत. या जोड्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि नुसती बेरीज केली की तोच वेळ दोनदा, तीनदा मोजला जातो. म्हणून आधी त्या मर्ज करायच्या, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या सगळ्या इंटरव्हलचा मिळून एक सलग पट्टा तयार करायचा. बेरीज, रिकाम्या वेळा, आलेख हे सगळं त्यानंतर.

यासाठी लागणारा लूप पाच-सहा ओळींचा आहे. तो चुकण्याची एकच मोठी जागा आहे, ती पुढे आकड्यांसकट दाखवली आहे. बाकीच्या चुका लूपच्या आधीच झालेल्या असतात: अंताचा क्षण इंटरव्हलमध्ये धरायचा की नाही, वेळ कोणत्या रूपात ठेवायची, रिकाम्या अंताचा अर्थ काय लावायचा. हे आधी ठरवलं नाही तर प्रोग्रॅम सुरळीत चालतो, एररही येत नाही, फक्त आकडा चुकीचा निघतो. अशी चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते, म्हणून खाली लूपपेक्षा या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

उदाहरणं पायथनची आहेत, पुढे डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेचीही. कोडचे आराखडे मराठीत लिहिले आहेत, पण ते जवळपास ओळीला ओळ असे पायथनमध्ये उतरतात.

मूळ रीत: सॉर्ट करा, मग शेवटच्या पट्ट्याशीच तुलना करा

    मर्ज(यादी):
        उत्तर = []
        क्रमवार = सॉर्टेड(यादी)     (आधी आरंभावर, मग अंतावर)
        क्रमवार मधल्या प्रत्येक (आरंभ, अंत) साठी:
            जर उत्तर रिकामं नसेल आणि आरंभ <= उत्तर[-१].अंत:
                उत्तर[-१].अंत = मॅक्स(उत्तर[-१].अंत, अंत)
            नाहीतर:
                उत्तर मध्ये नवीन [आरंभ, अंत] अपेंड करा
        उत्तर परत द्या

पायथनमध्ये टपलची तुलना पहिल्या घटकापासून होते. त्यामुळे (आरंभ, अंत) अशा टपलची लिस्ट नुसती सॉर्टेडला दिली तरी ती आरंभावर लागते, वेगळी की (key, म्हणजे कशावर लावायचं ते सांगणारं फंक्शन) द्यावी लागत नाही. नोंदी ऑब्जेक्ट किंवा डिक्शनरी असतील तर मात्र की द्यावी लागेल.

मागचे सगळे पट्टे न तपासता फक्त शेवटच्याशी तुलना का पुरते? लिस्ट आरंभाच्या चढत्या क्रमाने आहे. एखादा पट्टा बंद होऊन नवा उघडला, तो जुन्याचा अंत नव्याच्या आरंभाच्या आधी होता म्हणूनच. यापुढे येणाऱ्या प्रत्येक इंटरव्हलचा आरंभ या नव्या आरंभाइतका किंवा त्याहून मोठा असणार. म्हणजे बंद झालेल्या पट्ट्याला कोणीही मागे जाऊन शिवू शकत नाही.

हाच तर्क अंतावर सॉर्ट केल्यास लागू पडत नाही. अंतावर सॉर्ट करणं हे एका खोलीत जास्तीत जास्त मीटिंग बसवण्याच्या प्रश्नासाठी योग्य आहे आणि तिथली सवय इथे आणली जाते. अंतावर लावलेल्या लिस्टमध्ये एखादा लांब इंटरव्हल उशिरा येतो आणि मागचे तीन-चार पट्टे एकदम गिळतो. मग एका तुलनेऐवजी मागे जाणारा आतला लूप लागतो. आरंभावर सॉर्ट करा, हा प्रश्नच उरत नाही.

आता एक दिवस घेऊ. सॉर्ट केल्यानंतरची लिस्ट अशी:

    ०९:०० – १०:३०
    ०९:१५ – ०९:४५
    १०:०० – ११:००
    ११:०० – ११:३०
    १२:३० – १५:००
    १३:०० – १४:००

पहिला इंटरव्हल पट्टा उघडतो. दुसरा त्याच्या पोटातच आहे, मॅक्समुळे अंत १०:३० च राहतो. तिसरा अंत ११:०० वर नेतो. चौथा बरोबर ११:०० ला सुरू होतो, <= मुळे तोही जोडला जातो आणि अंत ११:३० होतो. १२:३० हा ११:३० च्या पुढे असल्यामुळे नवा पट्टा उघडतो आणि शेवटचा इंटरव्हल त्याच्या पोटात जातो. उत्तर: ०९:०० – ११:३० आणि १२:३० – १५:००, एकूण ५ तास. मर्ज न करता बेरीज केली असती तर ७ तास आले असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक: मॅक्स विसरणे

वरच्या आराखड्यात मॅक्सच्या जागी नुसतं "उत्तर[-१].अंत = अंत" लिहिलं तर काय होतं ते याच लिस्टवर पाहा. दुसरा इंटरव्हल पट्ट्याचा अंत १०:३० वरून ०९:४५ वर मागे खेचतो. तिसरा १०:०० ला सुरू होतो, म्हणून नवा पट्टा उघडतो. उत्तर येतं: ०९:०० – ०९:४५, १०:०० – ११:३०, १२:३० – १४:००. एकूण ३ तास ४५ मिनिटं. सव्वा तास गायब, आणि ०९:४५ ते १०:०० अशी कधीच नसलेली रिकामी वेळ तयार.

ही चूक टिकून राहते कारण साध्या टेस्टमध्ये ती दिसत नाही. लोक टेस्टसाठी जिन्याच्या पायऱ्यांसारखे इंटरव्हल घेतात, प्रत्येकाचा अंत आधीच्यापेक्षा पुढे. त्यात मॅक्स असला काय, नसला काय, उत्तर सारखंच येतं. एक पूर्णपणे दुसऱ्याच्या पोटात असलेला इंटरव्हल टेस्टमध्ये असलाच पाहिजे, आणि त्याच्यानंतर बाहेरच्याला छेदणारा तिसराही हवा.

अंताचा क्षण आत की बाहेर

इंटरव्हल अर्धा उघडा ठेवा: आरंभ आत, अंत बाहेर. १०:०० – ११:०० म्हणजे १०:०० चा क्षण धरून, ११:०० चा क्षण सोडून. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ च्या एका टिपणात आकड्यांच्या पल्ल्यांसाठी हीच पद्धत का सोयीची हे मांडलं होतं: लांबी म्हणजे थेट अंत वजा आरंभ, आणि लागून असलेल्या दोन पल्ल्यांत पहिल्याचा अंत हाच दुसऱ्याचा आरंभ. पायथनचं रेंज आणि स्लाइस असंच चालतं. कॅलेंडरच्या फाइलींचं आयकॅलेंडर हे मानकही कार्यक्रमाचा अंत बाहेरच धरतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रेंज बनवताना काही सांगितलं नाही तर तीही अर्धी उघडी बनते. म्हणजे ही पद्धत घेतली तर बहुतेक साधनांशी आपोआप जुळतं.

अडचण येते ती तारखांची. माणसं "३ ते ५ तारीख रजा" म्हणतात तेव्हा ५ तारीख आत असते, एकूण ३ दिवस. हा डेटा तसाच लूपला दिला आणि पुढची रजा ६ ते ८ असली, तर ६ <= ५ खोटं ठरतं आणि सलग सहा दिवसांची रजा दोन तुकड्यांत निघते. उपाय एकच: डेटा आत येताना अंताला १ दिवस जोडा, मर्ज करा, बाहेर दाखवताना १ दिवस वजा करा. ३ ते ६ आणि ६ ते ९ झाले की ते बरोबर जुळतात. लूपच्या आतल्या तुलनेतच "+ १ दिवस" टाकण्याचा मोह टाळा. तसं केलं की लांबी मोजणाऱ्या, रिकाम्या वेळा काढणाऱ्या आणि छापणाऱ्या प्रत्येक फंक्शनमध्ये तो एक दिवस आठवणीने सांभाळावा लागतो, आणि कुठेतरी तो राहतोच.

"२३:५९:५९" ही दिवसाचा अंत लिहिण्याची रीतही याच कारणाने सोडा. तिथे शेवटचा एक सेकंद हरवतो आणि दुसऱ्या दिवशी ००:०० ला सुरू होणारा इंटरव्हल जुळत नाही. अंत म्हणून दुसऱ्या दिवसाचे ००:०० लिहा.

< की <=

इंटरव्हल अर्धे उघडे असतील तर ११:०० ला संपणारा आणि ११:०० ला सुरू होणारा यांच्यात सामाईक क्षण एकही नाही, पण मधे फटही नाही. <= वापरलं तर दोन्ही मिळून एक पट्टा, < वापरलं तर दोन. एकूण वेळ दोन्हीकडे सारखीच. फरक पडतो तो पट्ट्यांच्या संख्येत आणि "सलग किती वेळ" या प्रश्नाच्या उत्तरात. मर्ज करताना बहुतेक वेळा <= च हवं असतं.

दुहेरी बुकिंग शोधताना मात्र < लागतं, कारण एक मीटिंग संपताच दुसरी सुरू होणं ही टक्कर नाही. दोन इंटरव्हल खरोखर एकमेकांवर चढलेत का याची पूर्ण अट एवढीच:

    अ.आरंभ < ब.अंत आणि ब.आरंभ < अ.अंत

चार-पाच "जर" लिहून प्रत्येक प्रकार वेगळा हाताळणारा कोड दिसला तर तो काढून ही अट टाका. जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये दोन इंटरव्हलमधले एकूण १३ संबंध मांडले: आधी, नंतर, लागून, पोटात, एकत्र सुरू, एकत्र संपणारे, तंतोतंत सारखे वगैरे. त्यांतले ९ खरोखर वेळ वाटून घेतात, २ नुसते लागून असतात आणि २ पूर्ण वेगळे. वरची अट त्या ९ ना बरोबर पकडते. दोन्हीकडे <= केलं की लागून असलेले २ सुद्धा आत येतात. आधी आरंभावर आणि मग अंतावर सॉर्ट केल्यावर तर १३ पैकी ७ च संबंध शिल्लक राहू शकतात, आणि एक तुलना व एक मॅक्स त्या सातही संबंधांना पुरतात.

वेळ कोणत्या रूपात ठेवायची

स्ट्रिंग म्हणून नको. "९:३०" आणि "१०:००" या स्ट्रिंगची तुलना अक्षराने अक्षर होते, ९ हे १ पेक्षा मोठं, म्हणून साडेनऊ दहाच्या नंतर लागतात. आधी शून्य लावलेल्या, वर्ष-महिना-दिवस या क्रमातल्या स्ट्रिंग बरोबर लागतात, पण सगळ्यांचा टाइमझोन आणि लिहिण्याची पद्धत एकच असेल तरच.

फ्लोट, म्हणजे दशांशातली संख्याही नको. ०.१ + ०.७ याचं उत्तर पायथन ०.७९९९९९९९९९९९९९९९ देतो. एका इंटरव्हलचा अंत असा बेरजेने काढला आणि पुढच्याचा आरंभ थेट ०.८ असला, तर ०.८ <= ०.७९९… खोटं ठरतं आणि लागून असलेले इंटरव्हल सुटे राहतात. १९७० पासूनचे सेकंद फ्लोटमध्ये ठेवले तर आजच्या तारखांना दोन शेजारच्या किमतींत सुमारे ०.२४ मायक्रोसेकंदाचं अंतर पडतं, म्हणजे नॅनोसेकंदाचे लॉग त्यात मावतच नाहीत. पूर्णांक वापरा, नाहीतर डेटटाइम.

डेटटाइम वापरताना टाइमझोनचे दोन सापळे आहेत. पहिला निदान ओरडतो तरी: टाइमझोन असलेल्या आणि नसलेल्या डेटटाइमची लहान-मोठी तुलना केली की सॉर्टच्या वेळीच टाइपएरर येतो. दुसरा गप्प असतो. दोन डेटटाइमना तोच टाइमझोन ऑब्जेक्ट जोडलेला असेल तर पायथन तुलना आणि वजाबाकी करताना टाइमझोन बघतच नाही, घड्याळावरचे आकडे वापरतो. जिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे नेतात तिथे त्या रात्री ०१:३० ते ०३:३० ही वजाबाकी २ तास देते, प्रत्यक्षात तास एकच गेलेला असतो. घड्याळ मागे नेण्याच्या रात्री ०१:३० दोनदा येतात आणि एकाच झोनमधल्या तुलनेत ते दोन्ही सारखेच ठरतात, मधला खरा तास हिशोबात येत नाही.

म्हणून: डेटा आत येताच प्रत्येक वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत न्या, सगळं मर्ज आणि मोजणं यूटीसीमध्ये करा, स्थानिक वेळ फक्त दाखवताना. पायथन ३.९ पासून झोनइन्फो हे मोड्यूल भाषेसोबतच येतं, त्याने झोन लावायचा आणि आस्टाइमझोनने यूटीसीत न्यायचं. भविष्यातल्या वेळा मात्र डेटाबेसमध्ये स्थानिक वेळ आणि झोनचं नाव अशाच साठवा आणि मर्जच्या वेळी यूटीसीत न्या, कारण घड्याळ कधी बदलायचं याचे नियम मधल्या काळात बदलू शकतात.

खराब इंटरव्हल लूपच्या आधी गाळा

अंत आरंभाच्या आधी असलेला उलटा इंटरव्हल फार फसवा. तो एखाद्या मोठ्या पट्ट्याच्या पोटात आला तर मॅक्स त्याला झाकून टाकतो आणि कोणाला कळत नाही. एकटा आला तर उणे लांबीचा पट्टा तयार होतो आणि एकूण बेरीज कमी करतो. आज चाललेला प्रोग्रॅम उद्याच्या डेटावर चुकतो तो अशाने. उलटा इंटरव्हल दिसला की एरर द्या. आरंभ-अंत गुपचूप अदलाबदल करून पुढे जाऊ नका, कारण तो उलटा का झाला हे शोधायची संधी तिथेच जाते.

एक अपवाद रात्रपाळीचा. नोंदीत तारीख नसून नुसती वेळ असेल, २२:०० ते ०६:००, तर अंत आरंभापेक्षा लहान दिसणारच. तिथे तारीख जोडताना अंताला १ दिवस वाढवा, मग तपासणी करा. आरंभ आणि अंत अगदी सारखे असतील तर ते शून्य मिनिटं की पूर्ण २४ तास हे डेटावरून कळत नाही. नोंद कोण आणि कशी करतं ते पाहूनच ठरवावं लागतं.

शून्य लांबीचे इंटरव्हल, १०:०० ते १०:०० असे, अर्ध्या उघड्या पद्धतीत रिकामेच असतात. काढून टाका, नाहीतर उत्तरात शून्य मिनिटांचा एक सुटा पट्टा उगीच दिसतो.

अंत रिकामा असणं, म्हणजे पायथनमध्ये नन, हा वेगळा विषय. पायथन ३ मध्ये ननची वेळेशी तुलना केली की टाइपएरर येतो, म्हणून लोक त्याच्या जागी डेटटाइमची कमाल किंमत टाकतात. हे करण्याआधी एक प्रश्न विचारा: नन म्हणजे "अजून चालू आहे" की "अंत नोंदवायचा राहून गेला"? पहिल्या अर्थी कमाल किंमत ठीक. दुसऱ्या अर्थी ती टाकली तर एक विसरलेली नोंद त्यानंतरचे सगळे इंटरव्हल गिळते आणि उत्तरात एकच अनंत पट्टा उरतो. अशा नोंदी बाजूला काढून वेगळ्या दाखवा. कमाल किंमत टाकलीच तर तिला यूटीसी झोन जोडायला विसरू नका आणि मर्ज झाल्यावर ती परत नन करा. तीत काही मिळवायला किंवा पूर्वेकडच्या झोनमध्ये बदलायला गेलात तर ओव्हरफ्लोएरर येतो.

थोडी फट चालवून घ्यायची असेल तर

सेन्सरच्या नोंदींत दोन इंटरव्हलमध्ये २–३ सेकंदांची फट येते आणि ती खरी नसते. अट थोडी सैल करा:

    आरंभ - उत्तर[-१].अंत <= सूट

"आरंभ <= अंत + सूट" असं लिहिण्यापेक्षा वजाबाकी बरी, कारण अंत कमाल किंमत असेल तर बेरीज फुटते, वजाबाकी फुटत नाही. सूट साखळीने वाढत जाते हे मात्र लक्षात ठेवा. सूट ५ मिनिटांची ठेवली तर प्रत्येकी १ मिनिटाच्या आणि मधे ४–४ मिनिटं फट असलेल्या १२ नोंदी मिळून ५६ मिनिटांचा एक पट्टा होतो, प्रत्यक्ष काम १२ मिनिटं. म्हणून सूट दिल्यावर पट्ट्यासोबत आतली खरी वेळही ठेवा. ती सूट शून्य ठेवून केलेल्या मर्जवरून काढायची.

मोठा डेटा, आणि इनपुट न बिघडवता

मूळ आराखड्यात एक बारीक धोका आहे. इनपुट लिस्टच्या आत लिस्ट असेल आणि तुम्ही तीच आतली लिस्ट उत्तरात अपेंड केली, तर पुढे तिचा अंत बदलताना कॉल करणाऱ्याचा मूळ डेटाही बदलतो. सॉर्टेड बाहेरची लिस्ट नवी बनवतं, आतल्या नव्हे. दोन साधे व्हेरिएबल वापरून लिहिलं की हा धोका जातो आणि तोच कोड जनरेटर म्हणून, म्हणजे एकेक पट्टा तयार होताच देत, चालतो:

    मर्ज_प्रवाह(क्रमवार):
        चालू_आरंभ = नन
        प्रत्येक (आरंभ, अंत) साठी:
            जर चालू_आरंभ नन असेल:
                चालू_आरंभ, चालू_अंत = आरंभ, अंत
            नाहीतर जर आरंभ <= चालू_अंत:
                चालू_अंत = मॅक्स(चालू_अंत, अंत)
            नाहीतर:
                यील्ड (चालू_आरंभ, चालू_अंत)
                चालू_आरंभ, चालू_अंत = आरंभ, अंत
        जर चालू_आरंभ नन नसेल:
            यील्ड (चालू_आरंभ, चालू_अंत)

शेवटच्या दोन ओळी विसरल्या तर प्रत्येक वेळी अखेरचा पट्टा हरवतो. त्यातली ननची तपासणी विसरली तर रिकाम्या इनपुटवर प्रोग्रॅम पडतो. डेटा आधीच आरंभाच्या क्रमाने येत असेल तर कोट्यवधी ओळींनाही मेमरीत फक्त एक पट्टा लागतो.

वेगाची काळजी सहसा करावी लागत नाही. खर्च सॉर्टचा, म्हणजे एन लॉग एन (एन ही इंटरव्हलची संख्या), आणि तुलनेवर चालणाऱ्या पद्धतीत याहून कमी शक्य नाही: इंटरव्हलच्या एकत्रित लांबीबद्दल व्हिक्टर क्ले यांनी १९७७ मध्ये हाच प्रश्न विचारला होता आणि १९७८ मध्ये फ्रेडमन आणि वाइड यांनी ती खालची मर्यादा सिद्ध केली. पायथनचं सॉर्ट टिम पीटर्स यांच्या टिमसॉर्टवर उभं राहिलेलं आहे, त्यामुळे जवळपास क्रमात असलेला लॉग ते फार झपाट्याने लावतं.

मर्ज झालेल्या लिस्टमध्ये अधूनमधून एकच नवा इंटरव्हल घालायचा असेल तर सगळं पुन्हा सॉर्ट करू नका. पट्टे सुटे असल्याने त्यांचे आरंभ आणि अंत दोन्ही चढत्या क्रमात असतात. पायथनच्या बायसेक्ट-लेफ्टने अंतांच्या लिस्टमध्ये नव्या आरंभाची जागा शोधा, ती झाली "पासून". बायसेक्ट-राइटने आरंभांच्या लिस्टमध्ये नव्या अंताची जागा शोधा, ती झाली "पर्यंत". या दोन जागांमधले सगळे पट्टे नव्यात मिसळतात: आरंभ त्यांतला सर्वांत लहान, अंत सर्वांत मोठा, आणि तो स्लाइस एका नव्या पट्ट्याने बदलायचा. दोन्ही जागा एकच आल्या तर काही शिवलं नाही, नुसतं घाला. लेफ्ट आणि राइट यांची अदलाबदल झाली तर लागून असलेले पट्टे जोडले जात नाहीत.

व्यक्ती किंवा मशीननुसार

सॉर्ट आधी मशीनवर, मग आरंभावर, आणि मशीन बदललं की पट्टा बंद. ग्रुपबाय वापरत असाल तर ते फक्त शेजारच्या सारख्या ओळी एकत्र करतं, म्हणून त्याच्याही आधी सॉर्ट लागतंच.

इंटरव्हलसोबत नाव, प्रोजेक्ट, दर अशी माहिती असेल तर मर्जमध्ये ती कोणाची ठेवायची हा प्रश्न येतो. कोण कोण होते एवढंच हवं असेल तर पट्ट्यासोबत नावांचा सेट ठेवा. कोणत्या क्षणी कितीजण होते हे हवं असेल तर मर्ज हे त्याचं साधनच नाही. प्रत्येक आरंभाला +१ आणि प्रत्येक अंताला −१ अशा घटना करा, वेळेवर सॉर्ट करा आणि चालती बेरीज ठेवा. एकाच क्षणी दोन्ही घटना आल्या तर एकाच वेळचे जास्तीत जास्त मोजताना −१ आधी घ्या, नाहीतर ११:०० ला गेलेला आणि ११:०० ला आलेला असे दोघे एकत्र मोजले जातात. याच पद्धतीने लागून असलेले इंटरव्हल जोडायचे असतील तर उलट, +१ आधी.

एसक्यूएलमध्ये

डेटा टेबलात असेल तर तो बाहेर काढायची गरज नाही. चार पायऱ्या, प्रत्येक पायरी एक आतली क्वेरी:

१. प्रत्येक ओळीसाठी, तिच्या आधीच्या सगळ्या ओळींतला सर्वांत मोठा अंत काढा. विंडो फंक्शन मॅक्स, पार्टिशन मशीनवर, ऑर्डर आरंभ आणि अंतावर, फ्रेम "अगदी पहिल्या ओळीपासून एक ओळ आधीपर्यंत".
२. आरंभ त्या आकड्याइतका किंवा कमी असेल तर ०, नाहीतर १. पहिल्या ओळीला तो आकडा नल असतो. अट या क्रमाने लिहिली की नल आपोआप "नाहीतर" मध्ये जाऊन १ मिळतो. उलट लिहिली तर पहिल्या ओळीला ० मिळतो; गट तेच पडतात, फक्त क्रमांक १ ऐवजी ० पासून सुरू होतात.
३. या ०-१ ची चालती बेरीज करा. हाच गट क्रमांक.
४. मशीन आणि गट क्रमांकावर ग्रुप करून सर्वांत लहान आरंभ आणि सर्वांत मोठा अंत घ्या.

पहिल्या पायरीत मॅक्सच्या जागी लॅग वापरलेल्या क्वेरी ठिकठिकाणी दिसतात. लॅग फक्त लगेच आधीच्या ओळीचा अंत देतो. आधीची ओळ लहान आणि तिच्याही आधीची लांब असली की पट्टा चुकीचा तुटतो. वर दाखवलेली मॅक्स विसरण्याची चूकच ही, एसक्यूएलच्या वेशात. ०९:१५ – ०९:४५ असलेला तोच डेटा चालवून बघा, लगेच दिसेल.

पायथनच्या पांडाज या लायब्ररीत हेच क्यूममॅक्स, शिफ्ट आणि क्यूमसमने होतं. तिथे क्यूममॅक्स आणि शिफ्ट दोन्ही ग्रुपबायच्या आत हवेत, नाहीतर एका मशीनचा शेवटचा अंत पुढच्या मशीनच्या पहिल्या ओळीत उतरतो.

पोस्टग्रेस १४ किंवा पुढचं असेल तर चार पायऱ्यांचीही गरज नाही. त्यात मल्टिरेंज हा प्रकार आला: आरंभ-अंतापासून रेंज बनवा, ग्रुप करून रेंज-ॲग लावा आणि अननेस्टने पट्टे वेगळे करा. लागून असलेल्या रेंज तो स्वतःच जोडतो, रिकाम्या गाळतो, उलट्या असतील तर रेंज बनवतानाच एरर देतो.

टेस्ट

हाताने लिहिलेल्या टेस्टमध्ये एवढे तरी असू द्या: रिकामी लिस्ट, एकच इंटरव्हल, दोन तंतोतंत सारखे, लागून असलेले, एकाच्या पोटात दुसरा आणि नंतर तिसरा, उलट्या क्रमाने दिलेली लिस्ट.

त्यापुढे यादृच्छिक टेस्ट लिहा, ती दहा ओळींत होते. ० ते २० मधल्या पूर्णांकांचे ० ते ६ इंटरव्हल बनवा. आकडे मुद्दाम लहान ठेवा म्हणजे चढणं, लागून असणं, पोटात असणं सारखं घडत राहतं. मोठ्या आकड्यांत लागून असलेले इंटरव्हल जवळपास येतच नाहीत. मग प्रत्येक इंटरव्हलचे घर-घर आकडे एका सेटमध्ये टाका: ३ ते ६ म्हणजे ३, ४, ५. मर्जच्या उत्तरातूनही तसाच सेट काढा. दोन्ही सेट सारखे आलेच पाहिजेत. शिवाय उत्तरातल्या प्रत्येक पट्ट्याचा आरंभ आधीच्या अंतापेक्षा काटेकोरपणे मोठा हवा, लिस्ट विस्कटून दिली तरी उत्तर तेच यावं, आणि उत्तरच पुन्हा मर्ज केलं तर काहीही बदलू नये. नुसता सेट तपासला तर <= च्या जागी < लागल्याचं कळत नाही, कारण घरं तीच राहतात; ते काटेकोर मोठेपणाची अट पकडते. मॅक्स काढून टाकून ही टेस्ट एकदा चालवा. ती पडली नाही तर टेस्टमध्येच काहीतरी कमी आहे.